आशीर्वादाचा विषय

खंडेनवमीच्या दिवशी यंत्रांना सुट्टी असते आणि माणसांना हजर राहावे लागते. आकुर्डीच्या शिवेवरच्या त्या पंपांच्या कारखान्यात हा रिवाज पहिल्या वर्षापासून होता. आदल्या शिफ्टला लेथ रॉकेलने धुतले जात, सकाळी त्यांना हळदकुंकू लागे, झेंडूच्या माळा चढत, कोहळा फुटे, पेढे वाटले जात. मालक मुंबईचे आणि उदारमतवादी होते. नाना धर्मांची माणसे आपल्या एका छपराखाली घाम गाळतात याचा त्यांना अभिमान होता. म्हणून भटजींची पूजा आटोपली की मौलवी दुआ मागत, आणि शेवटी फादर पवित्र पाणी शिंपडत. तिन्ही देवांचे मिळून जेवणाच्या आत उरकत असे.

१९६५ सालच्या खंडेनवमीला पाकिस्तानशी झालेले युद्ध थांबून पंधरवडाही लोटला नव्हता. ब्लॅकआउटसाठी शेडच्या काचांना डकवलेले काळे कागद अजून तसेच होते. दर वर्षी मधल्या टेबलावर पितळी पंपाचा एक नमुना मांडला जाई. त्या वर्षी लाल कापडावर तोफगोळा उभा होता. खरे तर गोळ्याचे नुसते कवच, कारण आत दारू भरणारे लोक वेगळे, डागणारे वेगळे आणि ज्यांच्यावर तो पडायचा ते तर फारच वेगळे होते. श्रमविभागणीचा फायदाच हा की कुणालाही संपूर्ण वस्तूचा विचार करावा लागत नाही. कारखान्याला सैन्याचे काम मिळाले होते आणि लेथची एक अख्खी शेड पंपांवरून कवचांवर वळवली होती. कवच आरशासारखे घासलेले होते. कपाळ कुठे ते ठरवून कुणीतरी त्याला कुंकू लावले होते.

फादर सेबास्टियन तुस्कानो या टेबलासमोर आले, तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचे भांडे आणि शिंपडणी होती. ते वसईचे. पुण्याला पाद्री घडवणाऱ्या एका सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवत आणि शनिवार-रविवारी पिंपरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, करायला येत. रोममध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. प्रबंधाचा विषय होता न्याय्य युद्धाच्या अटी. तीनशे पानांच्या लॅटिनमध्ये त्यांनी असा निष्कर्ष काढला होता की आजच्या शस्त्रांच्या काळात या अटी पुऱ्या होणे जवळजवळ अशक्य आहे. परीक्षकांनी 'जवळजवळ' या शब्दाचे विशेष कौतुक केले होते. युद्धाआधीच्या उन्हाळ्यात, मिस्सा नुकती लॅटिनमधून मराठीत आलेली असताना, दिवंगत पोपनी मरणापूर्वी साऱ्या जगाला लिहिलेल्या शांततेच्या पत्रावर त्यांनी प्रवचन केले होते. माणसाची प्रतिष्ठा, ते म्हणाले होते, कोणत्याही झेंड्याआधीची आहे. गोव्याचे सुपरवायझर, मंगलोरचे टायपिस्ट आणि नगर जिल्ह्यातून आलेले टर्नर यांनी ते शांतपणे ऐकून घेतले होते.

फादरांनी गोळा पाहिला. ओळखला. टेबलामागे कामगारांच्या रांगा होत्या, पहिल्या ओळीत मालक, शेजारी पर्सोनेल ऑफिसर दौलतराव शितोळे, आणि कंपनीच्या मासिकाचा फोटोग्राफर गुडघा टेकून बसलेला. चर्चसाठी निगडीच्या रस्त्याला एक कोपऱ्याचा तुकडा द्यायचे मालकांच्या मनात होते, हेही फादरांच्या मनात होते. शिंपडणी वर उचलण्याएवढ्या वेळात एका सुविद्य माणसाने एक भेद केला: आशीर्वाद वस्तूला नव्हे, हातांना. 'हे प्रभो, या श्रमणाऱ्या हातांना आशीर्वाद दे,' असे ते पुटपुटले आणि हेतू काळजीपूर्वक टेबलापलीकडे नेऊन त्यांनी पाणी शिंपडले. हेतू कुठे गेला ते कुणाला दिसले नाही. पाणी गोळ्यावर पडले. कुंकवातून एक तांबडी रेघ खाली ओघळली, आणि फोटो निघाला.

दसऱ्यानंतर कामाची पुनर्वाटणी झाली. लाजरस कोंडीराम साळवे नावाच्या टर्नरला गोळ्यांच्या शेडमध्ये जायला सांगितले गेले. लाजरस संगमनेर तालुक्यातला. हात चांगला, तोंड वाईट, आणि दोन्हींबद्दल त्याला सारखाच गर्व होता. फोरमनला तो म्हणाला, "पंपाचं काम द्या, दीडपट काढून देतो. ह्ये न्हाई करणार." फोरमन म्हणाला, "अरे, तुझ्या फादरनीच पाणी मारलंय त्याच्यावर." लाजरस म्हणाला, "मंग फादरलाच बशिवा लेथवर." त्या वाक्यासकट चार्जशीट तयार झाली.

रविवारी मिस्सेनंतर तो पिंपरीच्या त्या पत्र्याच्या शेडमागे थांबला. फादर झगा घडी करत होते.

"फादर, एक इचारू का?"

"विचार."

"त्या दिशी तुमी पाणी मारलं, ते कशावर?"

"हातांवर," फादर म्हणाले. प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होते आणि उत्तर तयार होते. "तुमच्या सगळ्यांच्या हातांवर. शब्दही मी तेच उच्चारले."

"म्या तिसऱ्या वळीत हुतो. माझ्यावर थेंब बी न्हाई आला."

"लाजरस, आशीर्वाद थेंबावर अवलंबून नसतो. हेतूवर असतो."

"मंग हेतू लय लांब उडतो म्हनायचा. पाणी बाकी टेबलापतुरच गेलं."

फादरांनी त्याला समजावून सांगितले. एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात. माणूस त्यातला एक इच्छितो आणि दुसरा केवळ होऊ देतो. लाजरसने मान तिरपी करून ऐकले, खराब झालेल्या लेथचा आवाज ऐकावा तसे.

"म्हंजी मी बी तसंच करू का?" तो म्हणाला. "लेथ चालवताना मनात म्हनत ऱ्हाऊ, मी गोळा करत न्हाई, मी नुस्ता हात हलवतो? पगार बी मिळंल, पाप बी न्हाई. सोय चांगली हाय."

हेतू हवा तिकडे वळवून कृत्य निर्मळ करण्याच्या याच युक्तीवरून सतराव्या शतकात युरोपात मोठे वादंग झाले होते. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ते तो वाद दर वर्षी शिकवत. युक्तीची उदाहरणे आली की वर्ग हसत असे, फादरही हसत.

"चौकशी हाय फुडल्या सोमवारी," लाजरस म्हणाला. "साक्षीला या. धर्माचं कारन हाय का न्हाई, ते त्यानला तुमीच सांगा. मला सांगाया गेलं की ते म्हनत्यात, टर्नर हायेस, टर्नरवानी ऱ्हा."

"येईन."

"आनी इम्तियाजला एक शब्द टाका. माझ्या वतीनं बोलाया एक कामगार न्यायची मुभा हाय. माझ्यावर त्यो भडकलाय."

इम्तियाज थेरगावचा. कारखान्यात फिटर, आणि सुटीच्या दिवशी भावाच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसे. फादर तिथे गेले तेव्हा तो टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याने फादरांसाठी स्टूल पुसले, भावाला चहा सांगायला पाठवले आणि मग म्हणाला, "कशासाठी आलात ते माहिती आहे. नाही."

"का?"

"फादर, लाजरस गोळा करत नाही म्हणाला, तर लोक म्हणतील येडा आहे. त्याच्या बाजूनं मी बोललो, तर लोक मला काय म्हणतील?" त्याने ट्यूब पाण्याबाहेर काढली. "गेल्या महिन्यात पोलीस आले, दुकानातला रेडिओ घेऊन गेले. विचारत होते, ह्याच्यावर कराची लागतं का. भाऊ म्हणाला, साहेब, पुणं धड लागत नाही. हसले नाहीत."

"लाजरस तुमचा मित्र आहे."

"म्हणून तर चिडलोय, राव! मी त्याच शेडमध्ये आहे. गोळे करतोय, ओव्हरटाइम करून करतोय. फोरमन पाठीवर थाप मारतो, म्हणतो शाबास इम्तियाज. कुणा दुसऱ्याला नाही म्हणत शाबास. मलाच म्हणतो." त्याने ट्यूब पुन्हा टबात बुडवली. "आमच्या मौलवीसाहेबांनीपण दुआ मागितली त्या दिवशी. मोठ्यानं मागितली. तुम्ही तोंडातल्या तोंडात काय म्हणालात ते तुम्हाला ठाऊक. तेवढी सोय आम्हाला नाही."

चहा आला. फादरांनी तो संपवला आणि ते उठले.

चौकशीआधी फादर पुण्याला, बिशपांच्या मागे धर्मप्रांताचा कारभार पाहणाऱ्या मॉन्सिनियरांना भेटले. बिशप रोमला होते. त्या हिवाळ्याच्या तोंडावर जगभरचे बिशप तिथे परिषदेसाठी जमले होते, आणि ज्या मुद्द्यांवर त्यांची चर्चा चालू होती त्यातला एक हाच होता: सदसद्विवेकाला स्मरून एखाद्याने शस्त्राला नकार दिला, तर त्याच्याविषयी चर्चने काय म्हणावे?

"म्हणजे चर्चचं मत अजून मसुद्याच्या अवस्थेत आहे," मॉन्सिनियर म्हणाले. "परिषदेच्या पुढे धावू नका, सेबास्टियन. दोन जर्मन फादरांच्या मुक्कामाची मुदत वाढवायचा अर्ज दिल्लीत पडून आहे. जमिनीचं तुम्हाला माहीतच आहे. साक्ष अवश्य द्या. फक्त तुमच्यासारख्या विद्वानाला शोभेल अशी द्या. हातांचा मुद्दा मला फार नेटका वाटला."

नेटका होताच तो.

चौकशी दौलतरावांच्या खोलीत झाली. दौलतराव कायदा शिकलेले, मृदुभाषी आणि टापटिपीचे गृहस्थ होते. त्यांनी फादरांना खुर्ची दिली, चहा विचारला. टायपिस्ट यंत्रापुढे, फोरमन भिंतीशी. लाजरस उभा होता. त्याच्या वतीने बोलणाऱ्या कामगाराची जागा रिकामी होती; ती रिकामी असल्याची नोंद आधीच टाइप झाली होती.

"आरोपीचं म्हणणं आहे की हे काम त्याच्या धर्मात बसत नाही," दौलतराव म्हणाले. त्यांनी मासिकाचा अंक पुढे सरकवला. "हे आपणच ना, फादर?"

"हो."

"पाणी कशावर पडतंय?"

"गोळ्यावर पडताना दिसतंय. पण आशीर्वादाचा विषय गोळा नव्हता. माझा हेतू कामगारांच्या हातांना आशीर्वाद देण्याचा होता, आणि मी शब्द तेच उच्चारले." फादरांनी मग तो भेद मांडला: वस्तू आणि व्यक्ती, इच्छिलेले आणि केवळ घडू दिलेले. मराठीत तो इतका स्वच्छ यापूर्वी कुणी मांडला नसेल. बोलता बोलता त्यांना जाणवले की दौलतराव अजिबात अडवत नाहीत. उलट मान डोलावत आहेत.

"फार स्पष्ट झालं," दौलतराव म्हणाले. "मलाही वाटलंच होतं की चर्च लोखंडाची पूजा करणार नाही. म्हणजे आशीर्वाद हातांना. सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"साळवेच्याही?"

"अर्थात."

"आणि ते हात त्या टेबलामागे कशासाठी उभे होते?"

फादरांनी मासिकाचा अंक परत सरकवला.

"लिहा," दौलतराव टायपिस्टला म्हणाले. "सदर कामावरील सर्व कामगारांच्या हातांना, आरोपीच्या हातांसह, चर्चने आशीर्वाद दिलेला आहे, असे साक्षीदार सांगतात. सबब, धर्माचं कारण उरत नाही. मग दुसरं कोणतं कारण उरतं ते पाहावं लागेल. काळ नाजूक आहे." यंत्र खडखडले. गोळ्याला दिलेला आशीर्वाद निदान अज्ञानाच्या सदरात टाकता आला असता. हातांना दिलेल्या आशीर्वादाने मात्र प्रत्येक हाताला कामाला जुंपले होते. फादरांनी आपल्या विद्वत्तेने लाजरसच्या अंगावरची उरलीसुरली चादरही ओढून घेतली होती, आणि कंपनीला ती घडी घालून दिली होती.

"थांबा," फादर म्हणाले.

यंत्र थांबले.

"मी आत्ता बोललो ते खरं नाही. मी गोळ्यालाच आशीर्वाद दिला. तो काय आहे हे मला दिसत होतं. सगळ्यांसमोर नाही म्हणायची मला भीती वाटली, म्हणून मी हातांची गोष्ट रचली. आशीर्वाद द्यायला नको होता. माणसं मारायच्या वस्तूला तो देता येत नाही. साळवेचं बरोबर आहे. हे लिहा."

टायपिस्टने दौलतरावांकडे पाहिले. दौलतरावांनी चष्मा काढला, पुसला.

"फादर, मी आपला आदर करतो म्हणून सांगतो. चीनच्या लढाईपासून भारत संरक्षण नियम लागू आहेत. सैन्याच्या कामात अडथळा आणायला कुणी शिकवण देतंय असं मी लिहून वर पाठवलं, तर कारवाई होईल. आपल्यावर नाही. आपण झगा घालता, पेपरात बातमी होईल, ते कुणालाच नको. ह्याच्यावर होईल."

"दोष माझा आहे. त्यानं माझं प्रवचन ऐकलं. मी शांततेबद्दल बोललो, ते त्यानं मनावर घेतलं. शिक्षा द्यायची तर मला द्या."

दौलतरावांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद पसरला. दुष्ट माणूस नव्हता तो. अडचणीतून वाट निघाली की प्रशासकाला होतो, तसा तो आनंद होता.

"साळवे, ऐकलंस? फादर स्वतः म्हणतायत, तू त्यांच्या सांगण्यानं वागलास. तेवढं तू म्हण. 'मला फादरांनी भरीस घातलं, माझी दिशाभूल झाली.' मी ताकीद देऊन प्रकरण मिटवतो. त्या शेडमध्ये जाऊ नकोस, जा. तुला स्टोअरमध्ये घेतो. पगार तोच. फादरांच्या केसालाही धक्का लागणार नाही, माझा शब्द."

"म्हण, लाजरस," फादर म्हणाले. "हो म्हण. ते खरंच आहे. मीच शिकवलं तुला."

लाजरसने एकदा फादरांकडे, एकदा दौलतरावांकडे पाहिले.

"काय शिकवलं?"

"शांततेवरचं प्रवचन. उन्हाळ्यातलं."

"त्या दिशी धाकली रडत हुती, तिला घिऊन म्या भायेर लिंबाखाली बसलो हुतो. तुमी काय बोलला मला ठावं बी न्हाई." फोरमनला हसू फुटले; त्याने ते खोकल्यात घातले. "फादरांचा काय संबंध ह्याच्यात?"

"मग कुणी सांगितलं तुला?" दौलतरावांनी विचारले. "युनियनवाल्यांनी? पक्षाचं कुणी भेटलं?"

"कुनी सांगाया कशाला पायजे?"

"काहीतरी वाचलं असशील. ऐकलं असशील."

"अवो साहेब, मला डोकं हाय! तुमाला हाय, फादरला हाय, तसंच मला बी हाय एक." त्याचा आवाज चढला. "दारू प्यायलो तर माझी अक्कल, काम बिघडलं तर माझी अक्कल. आनी येक गोष्ट नको म्हनलो, की लगीच ती दुसऱ्याची? कुनाची हाय, कुनी दिली, कुठनं आनली? चोरीचा माल हाय का त्यो?"

खोलीतले दोन्ही पदवीधर एका नकाराचा उगम शोधत होते. एकाला तो गुन्ह्यासाठी हवा होता, दुसऱ्याला प्रायश्चित्तासाठी. पण शोध एकच होता, आणि त्याच्या मुळाशी असलेला समजही एकच, की अशा माणसाच्या मनात असा विचार आपोआप उगवणे शक्य नाही, कुणीतरी तो पेरलेला असला पाहिजे. या देशात काही शतके हा समज शास्त्राच्या आधारावर चालला. नंतर तो शिक्षणाच्या आधारावर चालू लागला. फादरांनी आयुष्यभर माणसाच्या अंतःकरणाला देवाचा गाभारा म्हटले होते. आज त्यांनी भर चौकशीत एका माणसाच्या गाभाऱ्यावर आपल्या नावाची पाटी लावायचा प्रयत्न केला होता. तोही त्याच्या भल्यासाठी.

"शेवटचं विचारतो," दौलतराव म्हणाले. "फादरांचं नाव घेतोस?"

"न्हाई."

"लिहा," दौलतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खेद होता. फादरांनी गोळ्याबद्दल दिलेला कबुलीजबाब शेवटपर्यंत टाइप झाला नाही.

लाजरसला कामावरून काढले. आठवडा उलटायच्या आत त्याला चौकीवर बोलावणे आले. कंपनीने काहीच कळवले नव्हते म्हणे, पण चौकीला कळले होते. फादर धावत गेले. इन्स्पेक्टरने त्यांना पाहून खुर्ची मागवली. लाजरस भिंतीला टेकून फरशीवर बसला होता. फादर म्हणाले की जे मत याचे आहे तेच माझेही आहे, मलाही बसवून घ्या. इन्स्पेक्टर म्हणाला, "फादर, तुमचं ते मत. ह्याचं म्हणजे प्रकरण." मग त्याने एका छापील कागदावर लाजरसची सही मागितली: शांततेचा भंग करणार नाही, असा मुचलका.

"शांतता राखीन म्हनून लिहून द्यायचं?" लाजरस म्हणाला. "द्या हिकडं. तिच्याच पायी तर काम गेलं." त्याने सही केली. जामीनदार म्हणून फादरांनी केली. त्याखाली अट होती की आरोपीने या विषयावर कामगार वस्तीत बोलू नये, आणि बोलल्यास जामीनदाराने कळवावे. फादरांनी ती वाचली होती.

पुढच्या शनिवारी पिंपरीच्या मिस्सेसाठी दुसरे फादर पाठवण्यात आले. तुस्कानोंची प्रकृती बरी नसल्याचे मॉन्सिनियरांनी जाहीर केले, आणि हे ऐकून त्यांनाही ते हळूहळू पटू लागले.

डिसेंबरात रोमची परिषद संपली. तिच्या शेवटच्या मोठ्या दस्तऐवजात मसुद्याच्या अवस्थेतले ते मत अखेर छापून आले. त्याचा मराठी अनुवाद व्हायला हवा होता. उत्तम लॅटिन, उत्तम मराठी आणि भरपूर मोकळा वेळ असलेला माणूस धर्मप्रांतात एकच होता. फादर त्या वाक्यापाशी बरेच दिवस थांबले. सदसद्विवेकाला स्मरून जे शस्त्र हाती घ्यायला नकार देतात, त्यांच्यासाठी कायद्याने माणुसकीची वाट ठेवावी, समाजाची सेवा ते अन्य रीतीने करणार असतील तर, अशा अर्थाचे ते होते. चांगले वाक्य होते. सावध होते.

जानेवारीत एका सकाळी फादर एसटीने चाकणला गेले. साळवे कुटुंब आकुर्डीची खोली सोडून तिकडे राहायला गेले होते. लाजरस शेतकऱ्यांची ऑइल इंजिने दुरुस्त करत गावोगाव फिरे. त्या दिवशीही तो खेडच्या बाजूला कुठल्याशा विहिरीवर गेला होता. त्याची बायको मार्थाबाई बाजाराजवळच्या वखारीत कांदा निवडायला जाई. ढिगापुढे बायकांची ओळ बसली होती. फादरांना पाहून तिने पदर सारखा केला, पण हात थांबवले नाहीत. फादर तिथेच एका पालथ्या पाटीवर बसले आणि त्यांनी तिला ते वाक्य सांगितले.

तिने नीट ऐकून घेतले. "ह्येच्यात टर्नरचं हाय का काय?"

"नाही. फक्त शस्त्र हाती घेणाऱ्यांचं आहे. घडवणाऱ्यांचं नाही."

"किती जन बसले हुते ह्ये लिवायला?"

"दोन हजारांच्या वर."

"आनी टर्नर येक बी न्हवता?"

"नव्हता."

शेजारची बाई हसली. मार्थाबाई हसली नाही. तिने एक डागी कांदा बाजूला फेकला, मग दुसरा.

"सांगते त्यानला तुमी आल्ता म्हनून," ती म्हणाली. "कशापायी आल्ता म्हनू?"

"माफी मागायला."

"पाणी मारल्याची? ती तर तुमी मागितली म्हनं साहेबाफुडं."

"ती नाही," फादर म्हणाले. "तो माझ्यामुळं तसं वागला, असं मी म्हणालो. त्याची."

मार्थाबाईचे हात पहिल्यांदा थांबले. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. तिच्या बोटांना कांद्याची सालपटे चिकटली होती.

"ते लागलं हुतं त्यानला," ती म्हणाली. "काम गेल्यालं येवढं न्हाई लागलं. रातच्याला उठून बसायचं. म्हनायचं, फादर बी तसलंच."

"मला वाटलंच."

"मी सांगीन. आयकतील का न्हाई, त्ये त्यांचं." तिने पुन्हा ढिगात हात घातला. मग खाली पाहतच ती बोलली, फादरांशी की ढिगाशी ते कळू नये इतक्या सपाट आवाजात. "पर मला तवा वाटलं हुतं, त्यांनी हो म्हनावं. स्टोअरचं काम चांगलं हुतं, बसून. दोन पोरी हायेत माज्या. आज बी वाटतं."

मुकादमाने लांबून मार्थाबाईला हाक मारली, आणि ती आपली पाटी उचलून उठली.